बाबांचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ

मिसरोदच्या वळणावर आज स्कूटर अशी डगमगली की पडता पडता वाचले. पंक्चरवाला म्हणाला, "पंक्चर नहीं है मॅडम, हवा ही आधी है." हवा निम्मीच! पण सकाळीच तर बाबांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला होता. "कडक आहे, जा." रोज तेच म्हणतात. कारखान्यात तीस वर्षं प्रेशर टेस्टिंगला होते. तिथे गेज पाहिल्याशिवाय सही करायचे नाहीत, घरी मात्र अंगठा. अर्धी कॉलनी अजून त्यांच्याकडूनच टायर तपासून घेते.

बरणीचं झाकण हल्ली बाबांना आईच उघडून देते. तेव्हाच कळायला हवं होतं मला. अंगठ्यात जोर नसला की मऊ टायरही कडकच लागणार.

येताना टायरची हवा मोजायचा गेज घेऊन आले. डगमगल्याचं सांगितलं नाही, नुसता गेज हातात दिला. बाबांनी आधी स्वतःच्या स्कूटरचा टायर दाबला. "अठ्ठावीस असेल." मग गेज लावला. चौदा.

"नवीन आहे, चुकत असेल," मी म्हणाले.

ते अंगठ्याकडे बघत राहिले. "गेज नाही चुकत गं."