बत्तीस गुणांचा प्रोग्राम

नवीन पनवेल, ४ ऑगस्ट २०२५

चि. रेवास,

अनेक आशीर्वाद. फोनवर तुझाही आवाज चढतो आणि माझाही, म्हणून पत्र. विश्वजीत चांगला असेलही, पण पत्रिका जुळायला हवी. १९९५ साली मी सी भाषेत लिहिलेला गुणमेलनाचा प्रोग्राम सोबतच्या सीडीत आहे. आमचं लग्न त्यावरच ठरलं, बत्तीस गुण! जुना कंप्यूटर गचकला. तू एवढी इंजिनिअर, माझ्या अँड्रॉइड फोनवर तो चालेल असं कर. एक ओळही बदलायची नाही. तुमचे अठराच्या खाली आले तर विषय बंद.

आई कर्नाळ्याला फिरून आली नि गुडघा धरून बसली आहे.

रागावलीस तरी माया असू दे.

तुझा,
बाबा

पुणे, १२ ऑगस्ट

ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि. तुझी पत्रं बाबा आधी फोडतात, म्हणून शशिकलामावशीच्या विचुंब्याच्या पत्त्यावर लिहितेय. प्रोग्राम कंपाइल होऊन फोनवर चालला, एक ओळही न बदलता. तपासायला तुमच्याच पत्रिका घातल्या, तर आले सात! माझंच चुकलं म्हणून दोन दिवस डोकं फोडलं. मग कळलं, जुन्या कंप्यूटरात मधल्या हिशेबातला आकडा बत्तीस हजारांच्या वर गेला की उलटून उणे व्हायचा नि गुण भलतेच यायचे. फोनात तो नीट मावतो. म्हणजे सातच खरे. आणि बाबांनी अर्ध्या सोसायटीची लग्नं यावर जुळवली गं!

आमचे आले नऊ. बाबांना हे दाखवलं तर माझं लग्न मोडणार, शिवाय तुमचंही चुकीचं ठरणार. मला रडूच येतंय. काय करू?

माझ्यावर आहे तसाच जीव असू दे.

तुझी,
रेवा

नवीन पनवेल, १९ ऑगस्ट

चि. रेवास,

शुभाशीर्वाद. रडतेस काय वेडाबाई! लग्नाआधी आमच्या गुरुजींनीही सातच सांगितले होते. तेवढ्यात तुझे बाबा लांबलचक कागद फडकवत आले, म्हणाले बत्तीस. मला ते आवडले होते, मग मी कशाला तोंड उघडू? गुरुजींनाही गप्प बसवलं.

काल तुझ्या बाबांना सगळं सांगून टाकलं. आधी फोनला नावं ठेवली, मग जुन्या कंप्यूटरला, मग गुरुजींना. स्वतःला सोडून सगळ्यांना! दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी हळूच विचारलं, विश्वजीतला अळूवडी चालते का.

रविवारी त्याला घेऊन ये. सातांवर एकोणतीस वर्षं निघाली, तुमचे तर नऊ आहेत.

दोघांवर लोभ आहेच.

तुझी,
आई