चिंचेच्या फळीला सिंकचं भोक

१४ एप्रिल, सोमवार. दुपार.
सकाळी मिरवणुकीला जाऊन आलो. डीजे असह्य. घरी येऊन बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि संकल्प केला. बुद्ध पौर्णिमेला आपल्याकडे वंदना आहे, पाहुणे आहेत, खीर आहे. त्या दिवशी बायको, सत्यशीला, नव्या स्वयंपाकघरात ताठ उभी राहून सिंकमध्ये भांडी घासेल.

बीडच्या डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे तिला उकिडवं बसायचं बंद करा म्हणून सांगितलं, त्याला बरेच दिवस झाले. ती अजून अंगणातल्या मोरीवर पाटावर बसूनच घासते. त्या मोरीबद्दल लिहू नये, पण लिहितो. भाताची शितं, चहाचा चोथा, वर तेलाचा तवंग. भिंतीवर बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीला एक काळा तेलकट डाग. दर दिवाळीला मी तिथे चुना मारून घेतो. महिनाभरात डाग परत हजर. कोण हात पुसतं तिथे कुणास ठाऊक. शिसारी येते.

ओटा लाकडाचा होणार. मिस्त्री कडप्पा कडप्पा करत होता, त्याला थांबवलं. काळा, गार, जिथे जावं तिथे तोच. यूट्यूबवर परदेशातला एक माणूस लाकडी ओट्याला सिंकसाठी भोक पाडतो. चहा पिता पिता पाडतो. ते काम मी स्वतः करणार आहे.
शेरा: संकल्प उत्तम.

१६ एप्रिल, बुधवार.
अभिमन्यू, म्हणजे सत्यशीलेचा धाकटा भाऊ, उमापूरहून टेम्पोत फळी घेऊन आला. त्यांच्या बांधावरची चिंच वादळात पडली होती, तिचीच. मशीनवर कापून, रंधा मारून आणली आहे. सुरेख फळी. फक्त माणूस बोलतो फार.
म्हणाला, "दाजी, सुताराला सांगा. चिंच लई चिवट असती. त्याचं तासाभराचं काम हाय."
मी आयुष्यभर शाळा तपासल्या. केंद्रप्रमुख होतो. इमारतीच्या इमारती माझ्या एका शेऱ्यावर दुरुस्त झाल्या. एका भोकासाठी सुतार बोलवायचा म्हणजे अपमान आहे. तसं त्याला सांगितलं नाही. चहा दिला.

१८ एप्रिल, शुक्रवार.
गेवराईच्या मोंढ्याजवळून जिगसॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीन आणली. दुकानदाराने विचारलं, चालवणार कोण. मी म्हणालो, मीच. त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि ब्लेडचं आणखी एक पाकीट पुढे सरकवलं. गिऱ्हाइकाशी वागायची रीत राहिलेली नाही. पाकीट घेतलं.
सिंक लेकीने, चैतालीने, पुण्याहून पाठवलं आहे. स्टीलचं, चकचकीत. सत्यशीलेने खोक्यातून काढून त्यावर हात फिरवला आणि परत झाकून ठेवलं. खूश आहे.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळ.
आखणी पूर्ण. सिंक फळीवर उलटं ठेवून कडेने रेघ मारली. ही बाहेरची रेघ, सिंकच्या काठाची. तिच्या आत बोटभर जागा सोडून दुसरी रेघ, ती कापायची. म्हणजे काठ लाकडावर टेकतो आणि सिंक लटकून राहतं. यात बुद्धी लागते.
गोंधळ नको म्हणून रंग वेगळे. बाहेरची निळी, जयंती मंडळाच्या कमानीचा रंग डब्यात उरला होता त्याने. आतली लाल, गेरूने. सत्यशीलेला बोलावून सगळं समजावून सांगितलं. निळी काठाची, लाल कापायची. तिने मान हलवली. तिला कितपत कळलं शंका आहे, पण कापायचं मलाच आहे.
शेरा: नियोजन आदर्श. इतरांनी अनुकरण करावे.

२३ एप्रिल, बुधवार.
लाइट नाही. काम बंद.
दुपारी खिडकीतून मोरी दिसत होती. ही पातेलं राखेने घासत होती. माशा. मी खिडकी लावून घेतली. आतून तिला ओरडून सांगितलं, आता थोडेच दिवस. ती हो म्हणाली असावी.

२६ एप्रिल, शनिवार.
शिरूर कासारला लग्न. जाणं भागच होतं. मठ्ठा आंबट, मंडपात पंखे गरम हवा फेकत होते, माझ्या पुढच्याने ताटात हात धुतले. तिथेच जेवण संपलं माझं. माणसं ताटात हात धुतात आणि मग ते ताट कुणीतरी बाई घासते, याचा विचार कुणी करत नाही. घरी येऊन सत्यशीलेला हे सविस्तर सांगितलं. ती माझंच ताट घासत होती.

२९ एप्रिल, मंगळवार.
मशीनचं ब्लेड आत शिरायला आधी ड्रिलने एक भोक पाडावं लागतं. पाडायला गेलो. बिट तुटलं. दुसरं लावलं. तेही तुटलं. फळीवर जेमतेम खळगा. चिंच नाही, लोखंड आहे. अभिमन्यूला फोन करून तुझी फळी सदोष आहे म्हणून कळवलं. तो हसला आणि परत सुताराचं काढलं. फोन ठेवला.
बायकोच्या माहेरच्या वस्तूत काही ना काही असतंच.

२ मे, शुक्रवार. सकाळी लवकर.
भोक पडलं. एक, गोल, लाल रेघेच्या बरंच आत. आरपार. बोट घालून पाहिलं.
फोटो काढून निवृत्त केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले. एकाने विचारलं, हे कशाचं बीळ आहे. सेवेत असतानाही हा असाच होता.
शेरा: निम्मं काम झालं.

४ मे, रविवार.
ऊन भयंकर. पत्रे तडतडतात. विश्रांती. पारूबाई, शेजारच्या, कुंपणावरून हिला विचारत होत्या, सिंक कवा बसतंय. ही म्हणाली, बसंल. आवाजात खात्री हवी तेवढी वाटली नाही. विश्वास ही गोष्ट घरातूनच मिळायला हवी.

६ मे, मंगळवार.
आज कापलं. सगळं लिहून ठेवतो.
सत्यशीला उमापूरला तिच्या आईला आणायला गेली होती, त्यामुळे घर शांत. गॉगल घातला. मास्क म्हणून तिच्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. मशीन हातात घेतली आणि दोन रेघा पाहिल्या. कोणत्या रेघेवरून कापायचं ते ऐन वेळी डोक्यातून गेलं. मधे लग्न झालं, ऊन झालं, बिटं तुटली, माणसाने किती गोष्टी ध्यानात ठेवायच्या.
फोन करून हिला विचारता आलं असतं. पण ज्याने नियोजन केलं त्यानेच दुसऱ्याला विचारायचं म्हणजे अधिकार संपला. या वहीत मागे पाहता आलं असतं, पण हाताला वंगण होतं आणि वही घाण झालेली मला चालत नाही.
मग पद्धतशीर विचार केला. लाल रेघ आपण कशाखाली मारतो? चुकीखाली. सगळी हयात मी चुकीखालीच लाल रेघ मारली. म्हणजे लाल ती चूक, तिकडे जायचं नाही. आणि निळी. निळ्याने आपल्या घराला कधी दगा दिलेला नाही. आज आपण जे काही आहोत ते त्या रंगाखाली चालत आलो म्हणून. निळी धरली.
मशीन थरथरते, हाताला मुंग्या येतात. भुसा नाकात, कानात, बनियनमध्ये, घामावर चिकटून खाज. लाकडातून जळकट आंबूस वास. मधे दोन ब्लेडं मोडली, दुकानदाराचं पाकीट कामी आलं याचा राग आला. दुपार टळता टळता शेवटचा कोपरा सुटला आणि कापलेला तुकडा माझ्या डाव्या पायावर पडला. त्या तुकड्याला खालून धरायचं असतं हे व्हिडिओतल्या माणसाने सांगायला हवं होतं. असल्या माणसांवर कारवाई व्हायला पाहिजे.
भोक मात्र देखणं.
शेरा: अत्युत्कृष्ट.

८ मे, गुरुवार.
फळी विटांच्या दोन खांबांवर चढवली. मिस्त्रीचे दोघे उचलायला होते, मी सूचना दिल्या. सगळे जमले. सत्यशीला, तिची आई बायनाबाई, कुंपणावरून पारूबाई. मी सिंक दोन्ही हातांनी धरलं, भोकावर ठेवलं आणि सोडलं.
सिंक खाली गेलं. थेट फरशीवर. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण टोकावरून माणसं आली.
मी सांगितलं, चाचणी होती. सत्यशीलेने भोकाच्या कडेला उरलेल्या निळ्या रंगावरून बोट फिरवलं आणि सिंक उचललं. एका कोपऱ्याला पोचा आला आहे.
"निळी काठाची म्हणला व्हतात," एवढंच म्हणाली. लक्षात होतं तिच्या. मग त्या दिवशी घरी थांबायला नको होतं का हिने?
काळजीचं कारण नाही. परदेशात सिंक ओट्याच्या खालूनच बसवतात. त्याला अंडरमाउंट म्हणतात. जास्त महाग पद्धत आहे. आपल्याकडून नकळत तीच झाली.

१० मे, शनिवार.
काल ओट्याच्या खालून लाकडी पट्ट्या मारायला गेलो. चिंचेत स्क्रू जात नाही. फेविकॉल आणि एमसील. बोटं एकमेकांना चिकटली, चपातीला एमसीलचा वास, कालपासून कशाचीच चव नाही. पण पट्ट्या बसल्या. सिंक त्यांच्यावर टेकलं. हलवून पाहिलं. हललं नाही.
चैताली पुण्याहून आली. तिच्यासमोर पाणी भरून दाखवायचं ठरवलं. तिने नको म्हटलं. मी बादली ओतली. अर्धी बादली होईपर्यंत सगळं व्यवस्थित होतं.
मग पट्टी सुटली. सिंक, पाणी, पट्ट्या, सगळं खाली. फरशीवर पाणी आणि भुसा यांचं जे काही झालं ते इथे लिहिता येणार नाही. त्यात एमसीलचे गोळे. माझा दुखरा पाय त्यातच. किळस आली, कामाची, लाकडाची, उन्हाची, सगळ्याचीच.
मी म्हणालो, उद्या अँगल आणतो, लोखंडी.
सत्यशीला भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "मी कवा म्हणलं लाकडाचं पायजे? मला फकस्त उभं ऱ्हायाचं व्हतं."
आणि फडकं घेऊन खाली बसायला लागली. चैतालीने तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.
शेरा: नंतर लिहीन.

११ मे, रविवार. संध्याकाळ.
अँगलचं दुकान बंद. मी परत आलो तोवर अंगणात मोरीशेजारी विटांचे दोन खांब उभे, कमरेइतके. सत्यशीला, पारूबाई आणि चैताली यांनी रचलेले. वर सिंक ठेवलेलं, पोचा भिंतीकडे करून. खालून पाइप शेवग्याच्या बुडाशी सोडलेला. पाणी बाजूच्या ड्रममधून तांब्याने घ्यायचं. मी विटा हलवून पाहिल्या. पातळी बरोबर नाही असं सांगणार होतो, पण बरोबर होती.
तात्पुरती व्यवस्था म्हणून मी तिला मान्यता दिली.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा. सगळे गेल्यावर, उजेडातच लिहितो.
वंदना छान झाली. खीर पुरली. नव्या स्वयंपाकघराचा प्रश्न होता, म्हणजे त्या भोकाचा. सकाळी सत्यशीलेने मोठा डेरा आणून त्यात ठेवला. डेऱ्याचं पोट बरोबर दोन्ही कडांना टेकलं, जणू मापच त्याचं घेतलं होतं. वर ओला कपडा, झाकण, पितळी तांब्या. उन्हातून आलेले सगळे तिथेच पाणी प्यायले. बायनाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "घडवंची जावायबापूनी केली. सोता." सगळ्यांनी लाकडाला हात लावून पाहिला. चिंचेची म्हणून वाखाणली. पारूबाईंना त्यांच्या माठासाठी अशीच पाहिजे. मात्र भोक पाडायला त्या सुतार बोलावणार आहेत.
मी कुणाचंही म्हणणं खोडलं नाही. पाहुण्यांसमोर वाद बरा दिसत नाही.

जेवणं उरकल्यावर पेले-ताटांचा ढीग. सत्यशीला अंगणात सिंकपाशी ताठ उभी राहून घासत होती. पदर खोचलेला, मान सरळ. किती दिवसांनी तिची उंची दिसली. पोच्याकडे ती पाहत नव्हती. मला वाटलं होतं तसंच दृश्य होतं, फक्त माझ्या ओट्याशिवाय.
खिरीचं पातेलं सिंकमध्ये मावेना. ते तिने मोरीकडे सरकवलं. मी म्हणालो, ते मी घासतो. तिने वर पाहिलं, नको म्हणाली नाही.
पाटावर बसलो. पातेल्याच्या बुडाला खीर करपून चिकटलेली, हाताला तूप, नखांत राख, पायाखाली ओलं शीत. अर्धं झालं आणि डाव्या पायाचा अंगठा ठणकायला लागला, मग गुडघे. उठायला गेलो, उठता येईना. काहीतरी धरायला हवं म्हणून राखेने, तुपाने भरलेला हात भिंतीला टेकवला आणि उठलो.
उभा राहून पाहिलं. माझा हात त्या काळ्या डागावर होता. बरोबर त्यावर, तळव्याला तळवा लावावा तसा.
सत्यशीला पेले विसळत होती. तिने पाहिलं की नाही माहीत नाही.
शेऱ्याची जागा कोरी सोडतो. पाय ठणकतो आहे.