माघ्याचं मेण आणि सायकलची साखळी

जव्हार,
कार्तिक शुद्ध नवमी, शके १८४१

तीर्थरूप धोंडीराव दाजी यांचे चरणी जव्हारहून भिकाचा शिरसाष्टांग नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही दोघं धडधाकट आहोत. हिराचा खोकला गेला, आणि माझा डावा पाय होता तितकाच आखूड आहे. तिकडे गोदाताईची कंबर कशी आहे, नाशकातल्या तुमच्या सायकलच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर यंदाच्या पावसात टिकलं का, आणि चि. धाकली कशी आहे, हे सविस्तर कळवावं. मागच्या दोन्ही पत्रांत मी एक विचारलं होतं, की पोर दोन वर्षांची झाली, तिला लस टोचून घेतली का. तुमच्या पहिल्या उत्तरात गोदावरीच्या पुराचं वर्णन आहे. दुसऱ्यात फक्त एक ओळ आहे : "साखळीला तेल घालत जा आणि डोकं चालवू नकोस." तेव्हा आधी साखळीचंच लिहितो, कारण त्याच विषयावर तुम्ही उत्तर देता असं दिसतं.

दाजी, तुमची सायकल मला मिळाली नसती तर मी आज कचेरीत टाक घासत बसलो असतो, हे मी विसरलेलो नाही. संस्थानच्या पाड्यापाड्यांवर पोरांना देवी काढत फिरायचं, हे आखूड पायाच्या माणसाचं काम नव्हे (पाय आखूड का, ते ताईला विचारा, आंब्याची फांदी कोणी हलवली ते तिला माहीत आहे). लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या तरी तीनचार दिवसांत निकामी होतात, आणि पायी गेलो तर तेवढे दिवस माझे वाटेतच जायचे. म्हणून सायकल. आता वावर गावाच्या बाजूला रस्ता म्हणण्यासारखा रस्ता नाही, त्यामुळे निम्म्या वाटेत ती मला नेते आणि निम्म्या वाटेत मी तिला नेतो, पण हिशेब जमतो.

तुमच्या सांगण्याप्रमाणे गेल्या हिवाळ्यात मी तेलच घालत होतो. इथे मिळतं ते खुरासणीचं. ते घालून शिरपामाळापर्यंत जाऊन यावं, की रस्त्यावरची सगळी तांबडी माती साखळीला येऊन बसलेली. तेल आणि माती मिळून जो गाळ होतो त्याने लोखंड झिजतं, हे मला हाताला लागलं तेव्हा कळलं : दात्यांच्या चक्राच्या कडा पातळ झाल्या होत्या. तुमच्या दुकानासमोर फरसबंदी आहे, तिथे तेल ठीक असेल. इथे साखळी कोरडी हवी आणि तरी आतून बुळबुळीत हवी. विचार करता मला सुचलं की अशी वस्तू एकच, ती म्हणजे मेण. (डोकं चालवू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं, पण ते पत्र तेव्हा यायचं होतं.)

मेण लावणं म्हणजे मेणाचा खडा साखळीवर घासणं नव्हे. तसं मी दोन दिवस केलं, मेण वरच राहिलं आणि आतले जोड कुरकुरत राहिले. खरी रीत अशी. साखळी काढायची, घासलेटात धुवायची, जुन्या तेलाचा टिपूस राहता कामा नये, मग उन्हात वाळवायची. मेण मंद आचेवर वितळवून त्यात साखळी बुडवायची. जोडांतून हवेचे बुडबुडे येतात. ते येत आहेत तोवर हलवत राहायचं, थांबले की समजायचं मेण आत पोचलं. मग काढून खुंटीला टांगायची, गरम आहे तोवर वरचं पुसायचं आणि निवल्यावर प्रत्येक जोड बोटांनी मोडून मोकळा करायचा. हे सगळं मी हिराच्या पिठल्याच्या कढईत केलं. त्यानंतर आठ दिवस पिठल्याला देवळातला वास येत होता आणि हिरा माझ्याशी खुणांनी बोलत होती. आता तिने त्या कढईला माझं नाव दिलं आहे आणि ती अंगणात असते.

पण मेण कुठलं घ्यावं, यावर मात्र कोणी एकमताने सांगत नाही. पहिल्यांदा मोखाड्याच्या बाजारातून मेणबत्त्या आणून वितळवल्या. दुपारभर साखळी लोण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत मेण कडक होऊन त्याचे पापुद्रे सुटले आणि कोंडा झडावा तसे माझ्या धोतरावर झडले. पाड्यावर पोचलो तर बायांनी मला बघून पोरं आत घेतली. अंगाला कसलासा रोग लागलेला माणूस रोगावरची लस टोचायला आला आहे, असं त्यांना वाटलं असावं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग चैत्रात एका चांभाराकडून त्याचं दोरा ओढायचं मेण आणलं. त्यात राळ असते, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. निवल्यावर साखळीची काठी झाली. हातात धरली तर आडवी उभी राहत होती. तापवून तापवून कशीबशी बसवली, पण उतारावर राळ पुन्हा आळली आणि साखळी, चक्र आणि मी असे तिघे एकदम थांबलो. त्यातले दोघे सायकलवर राहिले. पावसाळ्यात सायकल आढ्याला टांगलेली असते, म्हणून चार महिने मला काही झालं नाही. आश्विन लागताच जंगलातलं ताजं पोळं घेतलं आणि मध नीट न निथळता वितळवलं. सकाळी खुंटीपासून साखळीपर्यंत मुंग्यांची रांग होती, आणि वाटेत दोनतीन मधमाश्या चौकशीला आल्या त्या पाव कोस सोबत होत्या.

इथून पुढचं जरा नीट वाचावं. कोजागरीच्या सुमारास मी वावरच्या अलीकडच्या पाड्यावर गेलो होतो, कुणाकुणाच्या घरी टोचायची पोरं आहेत ते लिहून घ्यायला. तिथे माघ्या म्हणून एक जण आहे, भात-नागली करतो आणि तारपा वाजवतो. (ताईला आठवत असेल, तुम्हाला नाशकात कुठून : सुक्या भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं, हातभर लांब वाद्य. त्याचे सगळे सांधे मेणाने बुजवलेले असतात. हवा निसटली की तो मुका.) माघ्या शेतावर होता. त्याची बायको सुकरी घरी होती. साखळी कुरकुरतच होती, म्हणून मी तिला म्हटलं, थोडं मेण असेल तर दे. तिने चुलीवरच्या माळ्यावरून एक गोळा काढला. नारळाएवढा, धुराने काळा झालेला, हातात धरला की मऊ होणारा, आणि खाली ठेवला की घट्ट. ती म्हणाली, "ने. काम झाला का आन." मी म्हटलं, आणतो. आपल्याकडे परत आण म्हणण्याची एक पद्धत असते, तसंच ते असावं असं मला वाटलं, आणि मी मनात ठरवलं की पुढच्या वेळी तिला काचेच्या बांगड्या न्याव्या.

दाजी, त्या मेणासारखं मेण मी पाहिलेलं नाही. थंडीत पापुद्रा नाही, उन्हात पाझर नाही, मातीचा कण धरत नाही. साखळीला आवाज म्हणून उरला नाही. सबंध गोळा मी कढईत घातला, दोनदा साखळी बुडवली, उरलेलं मेण चाकाच्या आसांना, खोगिराच्या कातड्याला आणि (हे हिराला माहीत नाही) दाराच्या बिजागरीला लावलं. पंधरा दिवस मी जव्हारात मुद्दाम लोकांच्या मागून जात होतो, माझी चाहूल लागत नाही हे बघायला.

दिवाळी झाली, नळ्या आल्या. त्याच दिवशी बातमी आली की वांगणीच्या पलीकडे देवीने एक पोर गेलं. अशी बातमी ऐकली की मला आमचा धाकटा भाऊ दिसतो. त्याचं मी इथे लिहीत नाही, ताईला सांगायला सांगा. मी नळ्या बांधल्या आणि पाड्यावर गेलो. तिथे सगळे ओट्यावर बसले होते आणि एकही पोर पुढे येत नव्हतं. कोणी भांडत नव्हतं. मला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली. मग माघ्याने भोपळा आणि नळ्या माझ्यापुढे सुट्या ठेवल्या आणि विचारलं, मेण आणलं का.

तेव्हा मला समजलं ते असं. नवा भात घरात आला की तारपा नव्याने बांधतात, आणि त्याआधी तो कोणी फुंकत नाही. भोपळा नवा, नळ्या नव्या, पण मेण तेच. गेल्या वर्षीच्या तारप्याचं मेण खरवडून गोळा करायचं, माळ्यावर ठेवायचं, पुन्हा लावायचं. माघ्याच्या बापाचं मेण ते, आणि बापालाही त्याच्या बापाकडून आलेलं. त्यात दर साल थोडी भर पडते, पण ते संपतं ही गोष्ट त्या घरात कोणाला माहीतच नव्हती. सुकरीने मला मेण दिलं नव्हतं, कुऱ्हाड द्यावी तसं वापरायला दिलं होतं. आणि मी त्या तीन पिढ्या दाराच्या बिजागरीला लावल्या होत्या. दाजी, मला इतकी लाज कधी वाटली नाही.

मी बाजारातून दुप्पट मेण आणून देतो म्हटलं. माघ्या हसला. म्हणाला, "तो मेन नवा हाय. त्याला गाना येत नाय." आणि मग अगदी शांतपणे त्याने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, "तारपा बोलल, मंग पोरा आनू." सगळा पाडा नव्या भाताच्या नाचासाठी अडून बसला होता. नाच झाल्याशिवाय घरात कोणतंही नवं काम, त्यातून पोरांच्या अंगात सुई, कोणी होऊ देणार नव्हतं. माझ्या नळ्यांना तीन दिवस उरले होते.

तसाच परत आलो. अंगणातल्या कढईत पाणी उकळलं आणि साखळी त्यात टाकली. (हे तुमच्याने वाचवणार नाही, पण मेण काढायची दुसरी रीत नाही : पाणी उकळलं की मेण वर तरंगतं, निवलं की साय येते तशी काढून घ्यायची.) आस खरवडले, खोगीर शेकलं, बिजागरी काढली. बिजागरी काढताना हिराला सगळं सांगावं लागलं. ती विळा घेऊन दार खरवडायला बसली. दोघांनी मिळून गोळा केला तो पाऊण नारळ भरला. काळा, आत लोखंडाचा कीस, थोडी तांबडी माती.

दुसऱ्या दिवशी उघड्या, कोरड्या साखळीने पाड्यावर गेलो. माघ्याने गोळा हुंगला, दाबला, जिभेला लावला. म्हणाला, "लोखंड खाल्ला त्याने. जोरात बोलल." दुपारपर्यंत तारपा बांधून झाला. पहिल्या फुंकीला कर्कश आवाज आला. माघ्याने अंगठ्याने एक सांधा दाबला आणि पुन्हा फुंकलं, तेव्हा तो बोलला. फेर धरून सगळे नाचले, मीही नाचलो. आखूड पाय त्या फेरात कोणाला दिसत नाही, कारण सगळेच एका बाजूला झुकून चालतात. नाच झाल्यावर पोरं आली. सत्तावीस. टोचत होतो तेवढा वेळ माघ्या माझ्या मागे उभा राहून वाजवत होता. पोरं तारप्याच्या तोंडाकडे बघत राहत, आणि सुई लागून गेल्यावर त्यांना कळे. रडली ती चार.

तर मेणाबद्दल माझं मत असं, की साखळीला मेणच उत्तम, पण ते आधी कोणाचं आहे ते विचारून घ्यावं. ताईला नमस्कार, धाकलीला गोड पापा. आपला आज्ञाधारक, भिका.

ता. क. : परत निघालो तेव्हा पाड्याच्या वेशीवरच साखळी तुटली. आधीच झिजलेली होती, त्यात उकळल्यामुळे एका दिवसात गंजली. पाड्यावरच्या चौघांनी सायकल आणि मला, दोघांना वळणापर्यंत पोचवलं. नाचात पुढचा गडी लोखंडी कड्यांची काठी आपटत ताल धरतो, त्याने तुटका तुकडा मागून घेतला आणि त्या काठीला बांधला. छान वाजतो. तेव्हा नवी साखळी हवी आहे.

दुसरा ता. क. : टपालाने पाठवू नये. स्वतः घेऊन यावं, कारण मला ती बसवता येत नाही. वरचं वाचून तुम्ही म्हणाल की तू तर ती इतक्या वेळा काढून बसवलीस. खरं आहे.

तिसरा, आणि हा ताईलाही वाचून दाखवावा : साखळी राहिली तरी चालेल. मी पायी जाईन. पण त्र्यंबकवरून मोखाड्याला गाडी येते, त्या गाडीत धाकलीला घालून आणा. नळ्यांची पुढची खेप पौर्णिमेनंतर येते, त्यातली एक मी तिच्या नावाने बाजूला ठेवली असं समजा. सुईला ती घाबरते, ताप येईल, थंडी पडू दे, हे सगळं मला पाठ आहे, कारण आमच्या धाकट्या भावाच्या वेळी घरात हेच बोलणं चाललं होतं आणि ताई आणि मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. त्या वेळी गावात टोचणारा आला होता आणि आपण त्याला पुढच्या वर्षी ये म्हणून सांगितलं. या वेळी टोचणारा घरचाच आहे. त्याला परत पाठवू नका.

माघ्याला मी धाकलीचं सांगितलं आहे. तो म्हणाला, "आन ती पोर. मी वाजवन."