आप्पांची फस्स

१४ मार्च, गुरुवार
दुपारची सुट्टी

ताई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो, अंघोळ रोज करतो. त्यामुळे तुझे पहिले तीन प्रश्न बाद. आप्पांना माझा नमस्कार सांग. तोंड फिरवतील, तरी सांग.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी घोळ असणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू मध्येच बोलतेस, एवढंच. सातवीनंतर मी पेन धरलं ते हजेरीच्या वहीत सही करायला, तेव्हा अक्षर चालवून घे.

मी आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईत आहे. हो, गोदाम सोडलं. त्याआधीची बेकरीही सोडली होती, ते सांगायचं राहिलं. पण इथे आठ महिने झाले. माझ्या मानाने म्हातारा झालो म्हण ना! तळघरात लांबलचक खोली आहे. एका बाजूला कपडे धुवायची अजस्र मशिनं, दुसऱ्या बाजूला तापलेले रूळ. ओली चादर इकडून घालायची, तिकडून पापडासारखी कडक बाहेर येते. मी आणि मामा समोरासमोर उभे राहून चारी टोकं जुळवतो. मामा म्हणजे कुणाचे मामा नव्हेत, सगळ्यांचेच. तीस वर्षं चादरींच्या घड्या घालतायत. बोलतानाही हात घडी घातल्यासारखे हलतात.

वाफ अशी की दहा वाजताच माणूस पिळून निघतो. मग काय, दाराशी बाटल्यांचं मशीन आहे. लाल, गोड, थंडगार. आम्ही सहा जण दिवसाला माणशी तीन. मामांच्या पट्ट्याला वर्षात दोन भोकं नवी पाडावी लागली.

तू फोनवर म्हणालीस ना, आप्पांच्या पायाची जखम भरत नाही, शुगर खाली येत नाही, आणि डॉक्टर म्हणाले की या गोड बाटल्या थांबल्या नाहीत तर बोट काढावं लागेल. आणि आप्पा काठी टेकत चौकापर्यंत जाऊन बाटली पिऊन येतात, तू पाणी दिलंस की पेला सरकवतात. त्या दिवसापासून डोक्यात एकच किडा. गोड नसलेलं काहीतरी करायचं, जे आप्पा सरकवणार नाहीत.

पहिला प्रयोग मामांवर. लिंबू, पुदिना, थंड पाणी. मामांनी घोट घेतला आणि म्हणाले, "हे वर वॉर्डात पाठव. आजारी माणसाचं आहे."

मग मी मामांकडे नीट बघायला लागलो. बाटलीचं झाकण उघडताना फस्स होतं ना, तेव्हाच ते डोळे मिटतात. पहिल्या घोटाला नाकात झिणझिणी येते, तेव्हा "हाऽऽ" करतात. पुढची अर्धी बाटली नुसती उरकतात. आप्पांचंही अगदी तसंच. त्यांना साखर नकोच आहे ताई, त्यांना फस्स हवी आहे. मला कसं माहीत, ते पुढे सांगतो.

बेकरीतल्या उस्तादाने शिकवलं होतं: आलं किसून, चमचाभर साखर घालून पाण्यात ठेवलं की चार दिवसांत आपोआप बुडबुडे येतात. मी ते केलं. रंग हवा म्हणून बीट घातलं. आठ बाटल्या भरल्या, झाकणं दोन्ही हातांनी पिळून बसवली आणि कुणाला दिसू नयेत म्हणून वाफेच्या पाइपामागे लपवल्या. लपवायची जुनी सवय. ऊब मिळाली की बुडबुडे चौपट होतात, हे उस्तादाने सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी अकरा वाजता पहिली फुटली. धाड! मग दुसरी. मामा आडवे झाले. सात फुटल्या, आणि समोर रचून ठेवलेल्या दोनशे पांढऱ्याशुभ्र चादरींवर लालच लाल! त्याच वेळी वॉर्डाचा माणूस ट्रॉली घेऊन आला आणि किंचाळला, "अरे, इथे कुणाचं ऑपरेशन केलंत?"

आमच्या मोठ्या बाई धावत आल्या. चादर हातात घेतली, डाग चोळला, वास घेतला. "वीस वर्षं रक्ताचे डाग काढतेय मी. हे रक्त नाही. काय आहे?"

"बीट, बाई," कोणीतरी म्हणालं.

"बीट? कुणाचं?"

पाइपाखाली, फुटक्या बाटल्यांशेजारीच मामांची पिशवी पडली होती. बाईंनी पिशवी बघितली, मग मामांकडे बघितलं. आणि ताई, मामा शांतपणे म्हणाले, "माझंच."

भोंगा झाला. उरलेलं उद्या.

१५ मार्च

तर मामा म्हणाले, माझंच. माझी जीभ टाळूला चिकटली. तू ओळखतेस ती जीभ. ती एकदा आधीही चिकटली होती.

पाण्याच्या टाकीमागे तुला रिकाम्या बाटल्या सापडल्या तो दिवस आठव. तू तरातरा कोपऱ्यावरच्या दुकानदार काकांकडे गेलीस आणि भर रस्त्यात म्हणालीस, "माझ्या आजारी बापाला चोरून विष विकता, लाज नाही वाटत?" मी तुझ्या मागे तुझी पिशवी धरून उभा होतो. काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चुकलं पोरी." बस्स. तेव्हापासून तू त्या दुकानाची पायरी चढली नाहीस, साखरसुद्धा दोन गल्ल्या पलीकडून आणतेस.

ताई, बाटल्या मी आणत होतो. काकांना सांगायचो, माझ्यासाठी आहेत.

मी शाळा सोडल्यापासून आप्पा माझ्याशी बोलायचे नाहीत. "जेवलास?" एवढंच, तेही ताटाकडे बघून. एकदा तू शिवणाच्या कामाला गेली होतीस, मी एक बाटली उघडली. फस्स झालं आणि आप्पा आतून म्हणाले, "अर्धी इकडे दे." मागच्या पायरीवर बसलो आम्ही, एक बाटली, दोन पेले. ते बोलले. ट्रक चालवायचे तेव्हाच्या गोष्टी, आईला पहिल्यांदा बघितलं ती गोष्ट. बाटली संपली की बोलणं संपायचं. म्हणून मी रोज आणत गेलो.

काकांशी तू भांडलीस, आणि आठवड्यात मी काम शोधायला म्हणून निघालो. नोकऱ्या मला धरत नाहीत असं तुम्ही म्हणता. पण खरं सांगू का, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काकांसारखं बघणारं भेटतंच.

या वेळी मात्र मी तोंड उघडलं. "नाही बाई, मामा नाहीत, मी." बाई म्हणाल्या, "मग धू." सहाही जण थांबले. दोनशे चादरी परत धुतल्या, माझ्याच लिंबांनी डाग चोळले. मामा म्हणाले, "आता कळलं लिंबू कशासाठी असतं ते."

आठवी बाटली शाबूत होती. बाईंनी दाराबाहेर हात काढून उघडली, घोट घेतला आणि डोळे मिटले! "रोज कर. पण माझ्या चादरींपासून लांब."

पण आल्याची ती भानगड आप्पांना नको, त्यात साखर उरते. त्यांच्यासाठी सोपं: साध्या सोड्याची गार बाटली, अर्धं लिंबू, आल्याचा रस चमचाभर, चुरगळलेला पुदिना, रंगाला बीटाची एक चकती. साखर नाही. सोडा त्यांच्यासमोरच उघडायचा. आधी उघडून आणलास तर पेला परत येईल. मामा आता हेच पितात. पट्टा एक भोक मागे आलाय.

एक गोष्ट मात्र त्यात घालता येत नाही. ती पिताना शेजारी बसावं लागतं.

बाईंनी सुट्टी दिली आहे. पुढच्या शनिवारी सकाळी पोचतो. पण सरळ घरी येणार नाही. आधी काकांच्या दुकानात जाईन, सगळं सांगेन, आणि सोडा तिथूनच घेईन. तूही तिथे ये, पायरीखाली उभी राहिलीस तरी चालेल. तुझी पिशवी मी धरतो.

मग मला काय बोलायचं ते बोल. मध्येच बोललीस तरी चालेल.

आप्पांना एवढंच सांग, पेले दोन काढून ठेवा.

तुझा,
टाकीमागे बाटल्या लपवणारा
भाऊ