शवागारामागचा एकनिष्ठ ग्राहक

३ नोव्हेंबर
विजेवरच्या गाड्यांसाठीचं माझं पहिलं चार्जिंग स्टेशन सुरू झालं. धोरणाच्या मसुद्यात प्राधान्य क्रमांक एक मीच लिहिलं होतं: जागा तयार, वीज तयार, तिथे आधी. बंद पडलेल्या शवागारामागे दोन्ही होतं. शीतपेट्यांसाठी टाकलेली जाड केबल अजून जिवंत आहे. टायपिस्टबाई म्हणाल्या, अगं, तिथे तेवढंच जिवंत आहे.
मानसिकता बदलायला वेळ लागतो.

७ नोव्हेंबर
ग्राहक नाही. थंडीमुळे असेल.

१२ नोव्हेंबर
साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कुणी फिरकलं नाही तर स्टेशन बंद, आणि तुमचं कंत्राटही वाढणार नाही. जेवताना घरी सांगितलं. बाबा म्हणाले, येईल गं कुणीतरी. शाळेची बस चालवतात, त्यांना धोरणातलं काय कळणार. पण मायेने बोलले.

१४ नोव्हेंबर
आला. ऑफिसच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका. एक स्कूटर. माझं धोरण बरोबर होतं.

१९ नोव्हेंबर
रोज दिवेलागणीला तोच ठिपका. वीज नावापुरती घेतो, पण प्लग लावून बसून राहतो. टायपिस्टबाई म्हणाल्या, बॅटरी भरलेली असताना येतो, तेही तिथे? माणूसच आहे ना, बघून घे बाई. सगळे हसले. डेटा भुताखेतांचा नसतो, असं मी ठणकावून सांगितलं.
घरी जिन्यातला दिवा लावून वर गेले. मसुद्यात ‘प्रकाशयोजना’ हा मुद्दा वाढवला.

२३ नोव्हेंबर
स्वप्नात केबल गुणगुणत होती. उद्या ग्राहकाची मुलाखत घ्यायचीच.

२४ नोव्हेंबर
डोकं दुखत होतं.

२५ नोव्हेंबर
फाटकापर्यंत गेले. आत कुणीतरी पाठमोरं बसलेलं. मशीनच्या उजेडात हिरवं. हललं नाही. अहवालासाठी एवढं निरीक्षण पुरेसं आहे.

२८ नोव्हेंबर
आज फाटकातून आत पाऊल टाकलं, आणि ऐकू आला तो खोकला. बालपणापासून भिंतीपलीकडून ऐकलेला. शेजारच्या काकांची स्कूटर, तिला टेकून बाबा, कानटोपीत, हात काखेत घालून.
हाक नाही मारली. परत आले.
जेवताना बाबांनी विचारलं, काय म्हणतंय तुझं स्टेशन? म्हटलं, एकच ग्राहक आहे, पण एकनिष्ठ. ते म्हणाले, उद्याही येईल बघ. आई भाजी वाढायच्या निमित्ताने उठली.

२९ नोव्हेंबर
प्राधान्य क्रमांक एक खोडलं. माणसं राहतात तिथे आधी, असं लिहिलं. स्टेशन बंद करावं, हे साहेबांना मीच कळवलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: थंडी. ग्राहकाला खोकला झाला आहे.