डाव्या बाजूची तुरपाई

१८ जून
ऋताचा सहावीचा ट्यूनिक शिवून झाला. तिला उभं करून घेराची कड मोजली, जमिनीपासून चहूबाजूंनी सारखी.

डोक्याच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले. मेंदूचा खालचा भाग मानेत उतरला होता, तिथे जागा करून दिली. कण्यात साचलेलं पाणीही ओसरलं. पण पाठीचा बाक आहे तिथेच – चौतीस अंश. डॉक्टर म्हणाले, "रुक भी सकता है, बढ़ भी सकता है. हर चार महीने में एक्स-रे." म्हणजे त्यांनाही माहीत नाही!

२० जुलै
डावी बाजू बोटभर वर! हे म्हणाले, "धुवून आटला असन." कापड एकाच बाजूनं आटतं होय? पाठ कलली की घेर त्या बाजूनं उचलला जातो. बावीस वर्षं बूढापारा मोहल्ल्यात शिवणं केलं, मला सांगताहेत! दुमड उसवली, डावीकडून सोडली, पुन्हा तुरपाई केली.

ऋता शेजारी बसून पाहत होती. "मम्मी, फिर से ऑपरेशन होगा क्या?" मागच्या वेळी केस कापले तेव्हा किती रडली होती. मी म्हटलं, "घेर सरळ राह्यला तर काहून होईल?" पोरीला धीर द्यायला काहीतरी बोलावं लागतं.

१० ऑगस्ट
मोजला. सरळ.

७ सप्टेंबर
आजही सरळ! देवापुढे साखर ठेवली. ऋताला सांगितलं तर हसलीसुद्धा नाही. फार गप्प झाली आहे पोट्टी. पण शहाणी झाली – ट्यूनिक आपल्या हातानं धुते, इस्त्री करते, मला हात लावू देत नाही.

१२ ऑक्टोबर
एक्स-रेची तारीख गेली. दिवाळीचे ब्लाउज डोक्यावर, आणि हे सिलतऱ्याच्या कारखान्यातून येतात रात्री आठला. म्हणाले, "घेर सरळ हाये ना? मंग होऊ दे दिवाळी. तुह्या टेपवर माहा भरोसा हाये."

खरं लिहू? मलाच जायचं नव्हतं. तो अंधार, ती फिल्म. भीती वाटते.

१८ नोव्हेंबर
एकोणपन्नास.

डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावली. "इतना बढ़ गया, आपको दिखा नहीं?" काय सांगणार? की मी टेपनं मोजत होते? आता पाठीत सळया आणि स्क्रू. नागपूरला जावं लागेल. ऑटोत ऋतानं माझा पदर मुठीत धरला होता, घर येईपर्यंत.

पण टेप खोटं कसं बोलेल? दर महिन्याला मीच मोजलं ना!

१९ नोव्हेंबर
ती शाळेत जायला तयार नव्हती. ट्यूनिक खुंटीवर होता. उलटा करून पाहिला. डावीकडे जुन्या दुमडीच्या तीन खुणा, एकीखाली एक. मी एकदाच सोडली होती. टाके मोठे, वाकडेतिकडे, दोन ठिकाणी रक्ताचा ठिपका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला तुरपाई मीच शिकवली.