गोलकीपरची सही

अण्णा,

तुमच्या लेकीला एक छंद आहे. आइस हॉकीच्या व्यावसायिक खेळाडूंच्या सह्या गोळा करायचा. तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या गणपतीत एका काकूंनी मला विचारलं होतं, "अगं, हॉकी म्हणजे आपलीच ना? मग ती बर्फात कशाला खेळायची?" मी त्यांना नीट समजावून सांगितलं की पायात पात्यांचे बूट असतात, हातात वाकडी काठी असते, चेंडूऐवजी काळ्या रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात, आणि त्या पकवर मी चंदेरी पेनाने सह्या घेते. काकू मान डोलवत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं आहे. माझी सून मेणबत्त्या करते." तर एकशे बेचाळीस सह्या आहेत माझ्याकडे. दिवसभर जबल अलीला शिपिंग कंपनीत कागद तपासायचे, आणि कुठला परदेशी संघ इकडे प्रदर्शनी सामने खेळायला आला की पिशवीत पक, पेनं आणि स्वेटर कोंबून रिंकच्या, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानाच्या, दाराशी जाऊन उभं राहायचं, असं माझं चाललेलं असतं. तुमचे जावई गाडी चालवतात आणि बाहेर कॉफी पीत बसतात. तुमची नात आता सोळा वर्षांची आहे. ती आत येते, पण माझ्यापासून दहा फूट लांब उभी राहते.

स्वेटर म्हटल्यावर तुम्हाला हसू आलं असेल. आपल्या अजमानच्या बिल्डिंगमध्ये जून महिन्यात हातावर स्वेटर टाकून कामाला निघणारा एकच माणूस होता. खालचा ग्रोसरीवाला रोज विचारायचा, "साब, आज बर्फ गिरनेवाला है क्या?" आणि तुम्ही रोज तितक्याच गंभीरपणे सांगायचात, "इन्शाल्ला." दुबईतल्या एका हॉटेलात बर्फाचं रिंक आहे आणि तो बर्फ गोठवणारी यंत्रं माझे वडील सांभाळतात, हे मी शाळेत सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. मुली म्हणाल्या, फेकू नकोस. संध्याकाळी तुम्ही घरी यायचात ते थेट स्वयंपाकघरात. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि तुम्ही गॅसजवळ उभे राहून बोटं शेकताय. आई पिठलं ढवळता ढवळता म्हणते, "जरा सरका, अंगावर उडेल." तुम्ही सरकत नाही. तुमच्या स्वेटरला थंड रबराचा आणि मशीनच्या ऑइलचा वास येतो आहे, आणि मी अभ्यासाच्या निमित्ताने तिथेच वही उघडून बसले आहे. एकदा तुम्ही खिशातून कडा उडालेला एक पक काढून मला दिलात. कुणीतरी बाकाखाली टाकून दिलेला होता. मी तो चार दिवस उशाशी घेऊन झोपले. पाचव्या दिवशी आईने तो वॉशिंग मशीनच्या आखूड पायाखाली सारला. मशीन नाचायचं थांबलं आणि माझी भेट सरकारजमा झाली.

शुक्रवारी मला सुट्टी असायची, तुम्हाला नसायची. मग कधीकधी तुम्ही मला बरोबर न्यायचात. रिंकवर त्या वेळी काही गोरे लोक हॉकी खेळायला यायचे. मला ते जगज्जेते वाटायचे. मी एकाच्या मागे लागून वहीत सही घेतली आणि धावत तुम्हाला दाखवायला आले, तेव्हा तुम्ही चष्मा वर करून ती पाहिलीत आणि म्हणालात, "अगं, हा ऑइल कंपनीत पाइप जोडतो. पण सही छान आहे." तुमची यंत्रांची खोली तळघरात होती. दर तासाला कॉम्प्रेसरचं प्रेशर बघायचं, पाइपातल्या खाऱ्या पाण्याचं तापमान बघायचं, बर्फाचं तापमान बघायचं, आणि तीनही आकडे एका जाड वहीत लिहून पुढे सही करायची. एका शुक्रवारी तुम्ही डबा खायला गेलात आणि मला वाटलं, बिचारे अण्णा, किती जिने चढउतार करतात. म्हणून मी आधीचे आकडे बघून दोन वाजेपर्यंतचे सगळे आकडे भरून टाकले, आणि पुढे तुमच्यासारखी सहीसुद्धा ठोकली. तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते.

तुम्ही हात पुसत आलात, वही पाहिलीत आणि शांतपणे विचारलंत, "दोन वाजता काय होणार ते तुला आत्ताच कळलं? मग उद्यापासून ही नोकरी तूच कर." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आकडा चुकला तर चालतो. माणूस आहे, चुकतो. पण न बघता लिहिलेला आकडा चालत नाही. सही म्हणजे मी तिथे होतो, मी पाहिलं, एवढंच असतं त्यात." एवढं बोलून तुम्ही माझ्या प्रत्येक आकड्यावर एकेक रेघ मारलीत, आणि संध्याकाळपर्यंत दर तासाला मला बरोबर घेऊन जिने चढलात. माझे पाय मोडून आले. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि बसमध्ये तुमच्याच खांद्यावर झोपले.

आता खरी गोष्ट सांगते. आठ वर्षांपूर्वी एक गोलकीपर इकडे आला होता. फार मोठा खेळाडू, आणि सही द्यायच्या बाबतीत फार कंजूष. सामना संपल्यावर मी तासभर उभी राहिले आणि त्याने माझ्या पकवर सही केली. दोन अक्षरं, त्यांच्यापुढे एक लांब, झोकदार शेपूट, खाली जर्सीचा नंबर. मी फोटो काढला, पक पिशवीत टाकला आणि आनंदाच्या भरात तशीच बाहेर पार्किंगमध्ये पळाले. सप्टेंबर महिना, हवेत नुसता ओलावा. चष्म्यावर धुकं आलं तेवढं मला कळलं. पण गार पकलाही तसाच घाम येणार, हे मात्र डोक्यात आलं नाही. तुमचे जावई गाडी आणायला गेले होते, त्यांना दाखवायला पक बाहेर काढते तो त्यावर थेंब. मी ओढणीने पुसला. अर्धी सही ओढणीवर आली. अण्णा, "गार वस्तू एकदम बाहेर काढू नये, मधल्या दारात दहा मिनिटं थांबावं, आणि घाम आला तर पुसू नये," हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल! बर्फाच्या यंत्रापाशी वीस वर्षं काढलेल्या माणसाची मी मुलगी, आणि ओढणीने पुसला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी जेवणाच्या टेबलावर फोनमधला फोटो मोठा करून ठेवला, ऑफिसातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर ती सही साठेक वेळा गिरवली, आणि मग पक साबणाने धुऊन, कोरडा करून, श्वास रोखून त्यावर काढली. शेपटासकट, नंबरासकट. हुबेहूब जमली. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी चहा केला आणि तो पक समोर ठेवून प्यायले. कुणाला सांगायचं राहून गेलं. आधी तुमच्या जावयांना, मग आमच्या सह्या जमवणाऱ्यांच्या गटाला. आठवड्याने सांगणं अवघड झालं, महिन्याने अशक्य. त्यात कहर म्हणजे त्या सहीमुळे गटात माझा भाव वधारला. कुणी नवी सही आणली की माझ्यापुढे धरायचे, "खरी आहे का बघा." आणि मी भिंग लावून बघायचे! चोराच्या हाती तिजोरीच्या चाव्या. अजमानला राहणारे एक मल्याळी अकाउंटंट आहेत गटात, फार सज्जन माणूस, त्यांनी तर त्या पकच्या बदल्यात त्यांच्याकडचे चार पक देऊ केले होते. मी नाही म्हटलं. सगळ्या प्रकरणात तेवढं एकच काम मी सरळ केलं.

गेल्या महिन्यात बातमी आली की तो गोलकीपर परत येतो आहे, आता एका संघाचा कोच म्हणून. अकाउंटंटसाहेबांचा लगेच फोन. "दीदी, वो पक लेके आना है, हां! उसके नीचे सेकंड साइन ले लो. पहले प्लेयर, अभी कोच. पूरे यूएई में किसी के पास नहीं है!" मी म्हटलं, बघू, ऑफिस आहे, महिनाअखेर आहे. ते म्हणाले, "महीना तो हर महीने खत्म होता है, दीदी."

कालची गोष्ट. संघाचा सराव संपला आणि आम्ही कठड्यापाशी रांगेत उभे. पुढे मी, मागे अकाउंटंटसाहेब फोन उंच धरून व्हिडिओ काढताहेत, आणि दहा फुटांवरून तुमची नात मला बजावते आहे, "मम्मा, प्लीज, जस्ट गेट इट साइन्ड. नो स्टोरी." गोलकीपर आला. दाढी पांढरी झाली आहे, पोट सुटलं आहे. त्याने पक हातात घेतला आणि त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! शेपटावरून त्याने अंगठा फिरवला आणि बरोबरच्या माणसाला हाक मारून दाखवलं, "लुक ॲट धिस. आय युज्ड टु हॅव टाइम फॉर द टेल."

माझी सुटका झाली होती, अण्णा. ज्याची सही त्यानेच ती आपली म्हटली, तीही व्हिडिओत. आता अख्ख्या जगात तिला कुणी खोटी म्हणू शकलं नसतं. गप्प बसायचं, नवी सही घ्यायची, थँक्यू म्हणायचं, खलास. आणि तेव्हाच मला त्या तळघरातल्या वहीची आठवण झाली, आणि तुम्ही किती शांतपणे विचारलं होतं त्याची. तो गोलकीपर माझ्या जेवणाच्या टेबलापाशी नव्हताच, तरी ती सही आपणच केली असं खुशाल मानत होता, आणि ते मी केलं होतं. माझे कान तापले. मी म्हटलं, "सर, धिस इज नॉट युवर सिग्नेचर. धिस इज माय वर्क." त्याला कळेना. मग मी सगळं सांगितलं, पार्किंग, घाम, ओढणी, साठ कागद. मागे अकाउंटंटसाहेबांचा फोन हळूहळू खाली आला. गोलकीपरने विचारलं, "यू मेड द टेल?" मी म्हटलं, "येस सर. द नंबर ऑल्सो." तो कठड्याला धरून इतका हसला की आतले खेळाडू थांबून बघायला लागले. मग डोळे पुसत म्हणाला, "लेडी, नोबडी हॅज एव्हर वर्क्ड धॅट हार्ड ऑन माय नेम." आणि पक उलटा करून त्याने मागच्या बाजूला सही करून दिली.

मागे वळले तर अकाउंटंटसाहेबांचा चेहरा पडलेला. म्हणाले, "दीदी, मेरा जो रशियनवाला पक है, वो भी आपने ही चेक किया था ना?" मी म्हटलं, "किया था. असली है." "इन्शाल्ला?" "इन्शाल्ला नहीं, पक्का." त्यांनी फोन खिशात टाकला, मग हसले. "चलो, यल्ला, चाय पिलाओ." चहा होईपर्यंत बातमी गटात पोचली होती. आता सह्या तपासायला कुणी माझ्याकडे येणार नाही, आणि खरं सांगते, भिंग खाली ठेवताना हलकं वाटलं. नात जवळ येऊन म्हणाली, "मम्मा, धॅट वॉज द मोस्ट एम्बॅरसिंग थिंग एव्हर." मग गाडीत तिने आपणहून विचारलं, "सो व्हॉट एक्झॅक्टली डिड आजोबा डू?" मी घर येईपर्यंत सांगत होते. मध्येच मला रडू आलं, तर तिने माझा हात धरला, आणि तुमचे जावई उगाच सिग्नलकडे बघत बसले. तुम्ही हवे होतात, अण्णा. तुम्ही पाहायला हवं होतं.

इथे अजूनही पोस्टमन घरी येत नाही, पोस्ट बॉक्स लागतो, आणि तुमच्या कंपनीचा बॉक्स नंबर मला आठवत नाही. आठवला असता तरी हे धाडलं नसतंच. एक गोष्ट राहिली. तो पक मी पुन्हा काचेच्या कपाटात ठेवला आहे, माझी सही समोर आणि त्याची भिंतीकडे. नातीने विचारलं तर म्हटलं, उजेडाने शाई उडते, म्हणून खरी आत ठेवली. तसं ते खोटंही नाही. पण त्याने काल घाईत नुसत्या दोन रेघा ओढल्या आहेत, शेपूट नाही, नंबर नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगते, दोन्हींत मला माझीच आवडते.